दोन परीक्षक, एक लेख : नागपुरातल्या एका विद्यार्थी गणित-नियतकालिकाचं प्रकरण

विद्यार्थ्यांनी चालवायचं नियतकालिक सुरू करताना पहिल्या बैठकांचा बहुतेक वेळ नाव, मुखपृष्ठ आणि प्रकाशनाला कोणाला बोलवायचं यातच जातो. नागपुरातल्या ज्या महाविद्यालयाचं हे प्रकरण आहे, तिथंही तसंच झालं. मी तिथं संख्याशास्त्र शिकवते आणि संपादक मंडळाची सल्लागार आहे. प्राणिशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल, विणकाम अशा कुठल्याही विषयाशी गणित जोडणारे विद्यार्थ्यांचे लेख छापायचे, संपादन विद्यार्थ्यांनीच करायचं, वर्षाला दोन अंक काढायचे, एवढं सगळ्यांना मान्य होतं. खरा पेच उभा राहिला तो एक लेख परीक्षणाला गेल्यावर. पुढचे जवळजवळ सगळे नियम त्या लेखामुळे ठरले, म्हणून इथं जास्त जागा त्यालाच देते. संकेतस्थळ, क्रमांक, छपाई ही कामं माहितगाराला विचारून उरकता येतात. लेख कोणी वाचायचा आणि कुठल्या निकषावर घ्यायचा, हे मात्र ज्याचं त्यालाच ठरवावं लागतं. ते न ठरवता काढलेला अंक म्हणजे महाविद्यालयाच्या वार्षिकांकाचीच आणखी एक आवृत्ती होते, असं माझं स्पष्ट मत आहे.

कपाटातले प्रकल्प

नागपुरात अशा नियतकालिकाला लागणारा कच्चा माल भरपूर आहे. विद्यापीठ 1923 सालचं. शिवाय पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था 'नीरी', केंद्रीय कापूस संशोधन संस्था, लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था, मृदा सर्वेक्षणाचं राष्ट्रीय कार्यालय, व्हीएनआयटी ही अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था, हे सगळं एकाच शहरात. पाणी, माती, कीड, पाऊस यांच्या नोंदी इथं रोज तयार होतात. तरीही गणितात एम.एस्सी. करणारा विद्यार्थी यातल्या एकाही आवारात पाय न ठेवता पदवी घेऊन बाहेर पडतो, आणि प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी टी-टेस्टसाठी, म्हणजे दोन सरासऱ्यांतला फरक तपासायला, कुठलं बटण दाबायचं एवढंच शिकते. नव्या शैक्षणिक धोरणानं पदवीला मायनर विषय आणि प्रकल्प आणले. त्यामुळे दोन विषयांना हात घालणारे अहवाल आता दरवर्षी तयार होतात, स्पायरल बाइंडिंग होऊन तोंडी परीक्षेला जातात आणि तिथून विभागाच्या कपाटात. हे अहवाल पुन्हा लिहून घेऊन वाचकांपुढं आणायचे, ही या नियतकालिकामागची मूळ कल्पना.

मुलांना आधीच्या उदाहरणांचं मोठं बळ मिळालं. अमेरिकेत 'पाय म्यू एप्सिलॉन जर्नल' 1949 पासून विद्यार्थ्यांचे लेख छापतं. उपयोजित गणिताच्या 'सियाम' या तिथल्याच संस्थेनं 2008 मध्ये फक्त पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी ऑनलाइन नियतकालिक काढलं. आपल्याकडे 1996 पासून निघणारं 'रेझोनन्स' विद्यार्थ्यांनी वाचावं म्हणून आहे, पण लिहिणारे मुख्यतः प्राध्यापक आणि संशोधक. मंडळाला सर्वांत भावली ती इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीची हकिगत. 1907 साली ती सुरू केली व्ही. रामस्वामी अय्यर यांनी, आणि ते होते डेप्युटी कलेक्टर. गणिताची आवड असलेल्या मंडळींना पत्रं लिहून त्यांनी संस्था जमवली. तिच्याच नियतकालिकात 1911 साली रामानुजन यांचा पहिला शोधनिबंध आला, आणि वाचकांसाठी घातलेले त्यांचे प्रश्नही त्याच वर्षी. आमच्या अंकातलं 'प्रश्न' हे सदर तिथूनच घेतलं आहे.

आवाहनाला जे आलं

पहिल्या आवाहनानंतर आलेल्या लेखांत 6174 वरचे लेख सर्वांत जास्त. हे होणारच होतं. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लिहा, चढत्या क्रमानं लिहा, वजाबाकी करा, पुन्हा तेच करत राहा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत 6174 येतं. हे शोधणारे द. रा. कापरेकर देवळालीचे शाळामास्तर. 1949 साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हे मांडलं, आणि जगभर ते पोचलं मार्टिन गार्डनर यांनी 1975 साली 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात लिहिल्यावर. कापरेकरांविषयी मुलांना प्रेम असावं, यात मला आनंदच आहे. पण बहुतेकांनी माहीत असलेलीच गोष्ट पुन्हा करून दाखवली होती. एकीनं मात्र दशमान पद्धत सोडून दहाऐवजी दुसरा पाया घेतलेल्या संख्यापद्धतींत काय होतं ते संगणकावर तपासलं होतं आणि कुठं एकच संख्या मिळते, कुठं चक्र तयार होतं याची तक्ताभर नोंद केली होती. तेवढाच लेख पुढं गेला.

इतवारीतल्या साड्यांच्या काठांवर एक सुरेख लेख होता. एका पट्टीवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या नक्षीचे सममितीनुसार सातच प्रकार होतात. ते सातही काठांत सापडतात का, हे लेखिका दुकानोदुकानी फिरून बघत होती. आणखी काही लेख वाचताना शंका यायची. भाषा गुळगुळीत, शेवटी संदर्भांची लांबलचक यादी, आणि त्यातले दोन-तीन संदर्भ शोधायला गेलं की अस्तित्वातच नाहीत. त्यावर मंडळानं काय केलं ते पुढं येईल.

आणि एक लेख होता वस्तीतल्या भटक्या कुत्र्यांच्या मोजणीवर.

तो लेख

लेखक बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा, विषय संख्याशास्त्र आणि प्राणिशास्त्र. धरमपेठेच्या बाजूच्या काही गल्ल्यांत तो एका पहाटे फिरला आणि दिसेल त्या प्रत्येक कुत्र्याचा फोटो काढला. काही दिवसांनी त्याच वाटेनं पुन्हा फिरला, पुन्हा फोटो काढले. मग कानाची चीर, पाठीवरचा ठिपका, शेपटीचा रंग यांवरून दोन्ही वेळा दिसलेली कुत्री जुळवली. कॅमेरा ट्रॅपमध्ये आलेले वाघ पट्ट्यांवरून ओळखतात, त्याच धर्तीवर.

सूत्र जुनं आणि सोपं आहे. लेखातले आकडे वेगळे होते, इथं हिशेब सुटसुटीत व्हावा म्हणून गोल आकडे घेते. पहिल्या फेरीत 60 कुत्री दिसली, दुसऱ्या फेरीत 60, आणि त्यातली 45 दोन्ही वेळा. दुसऱ्या फेरीतल्या 60 पैकी 45, म्हणजे पाऊण हिस्सा, आधी दिसलेली होती. तर पहिल्या फेरीत आपल्याला एकूण कुत्र्यांचा पाऊण हिस्साच दिसला असावा. म्हणून एकूण अंदाज 60 गुणिले 60 भागिले 45, म्हणजे 80. नेहमीच्या पद्धतीनं 95 टक्क्यांचा विश्वास-अंतराल, म्हणजे खरी संख्या ज्या दोन आकड्यांच्या मधे असावी असा भरवसा धरतात तो पट्टा, काढला तर तो साधारण 74 ते 86 येतो. लेखकानं हे सगळं नीट केलं होतं, लहान नमुन्यासाठीची चॅपमनची दुरुस्तीसुद्धा वापरली होती.

मंडळानं लेख दोन परीक्षकांकडे पाठवला. एक दुसऱ्या महाविद्यालयातले गणिताचे प्राध्यापक, एक प्राणिशास्त्राचे. दोघांनीही नाकारला.

गणिताच्या सरांचा शेरा थोडक्यात असा : ही कल्पना फ्रेंच गणिती लाप्लासनं दोनशे वर्षांपूर्वी फ्रान्सची लोकसंख्या काढायला वापरली आहे, लेखात एकही नवं प्रमेय नाही, तेव्हा गणिताच्या नियतकालिकात याला जागा नाही. प्राणिशास्त्राच्या सरांचा : दोन पहाटे फिरून गणना होत नाही. चहाच्या टपरीपाशी बिस्किटं मिळणारी कुत्री दोन्ही दिवशी हमखास दिसणार, आणि गाड्यांखाली झोपणारी, माणसाला बुजणारी कुत्री दोन्ही दिवशी हुकणार. सगळी कुत्री सारख्याच शक्यतेनं दिसतात हे गृहीतक इथं टिकत नाही.

लेखक हिरमुसला होता. "मॅडम, दोन्ही सर नाहीच म्हणून राह्यले, मंग आम्ही लिहावं कोणासाठी?" असं त्यानं विचारलं. त्याचा प्रश्न रास्त होता. दोन विषयांच्या मधल्या जागेवर लिहिणाऱ्याला दोन्हीकडून नकार मिळतो, कारण प्रत्येक परीक्षक आपल्या विषयात काय नवं आलं एवढंच बघतो. मंडळात दोन तट पडले. काही म्हणाले, परीक्षकांचा मान राखून लेख परत करावा. काही म्हणाले, आपलं नियतकालिक विद्यार्थ्यांचं आहे, सरांचं मत घ्यावं पण छापून टाकावं. मला दोन्ही वाटा पटल्या नाहीत. पहिल्या वाटेनं गेलं तर यापुढं असा एकही लेख येणार नव्हता. दुसरीनं गेलं तर परीक्षणाला काही अर्थ उरला नसता.

वाट काढली ती मुख्य संपादक असलेल्या विद्यार्थिनीनं. तिनं दोन्ही शेरे शेजारी ठेवून वाचले. "टपरीवाली हरकत म्हणजे व्हेरिअन्सच आहे ना मॅडम?" असं म्हणत ती फळ्यापाशी गेली. व्हेरिअन्स म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत त्याचं माप. समजा, वस्तीत खरोखर 100 कुत्री आहेत. त्यातली 50 टपरीजवळची, प्रत्येक फेरीत दिसण्याची शक्यता 0.9. बाकीची 50 बुजरी, शक्यता 0.3. मग एका फेरीत सरासरीनं 45 अधिक 15, म्हणजे 60 दिसणार. दुसऱ्या फेरीतही 60. दोन्ही वेळा दिसणारी टपरीची 40.5 आणि बुजरी 4.5, मिळून 45. सूत्रात घातलं की उत्तर 80. खरी संख्या 100!

त्यापुढचं तिनं आणि लेखकानं मिळून केलं. प्रत्येक कुत्र्याची दिसण्याची शक्यता वेगळी असली, पण दोन्ही फेऱ्यांत तीच राहिली आणि फेऱ्या एकमेकींपासून स्वतंत्र असल्या, तर मोठ्या संख्येसाठी हे सूत्र खऱ्या संख्येला 1 + c² नं भागून देतं. इथं c म्हणजे त्या शक्यतांचा विचलन गुणांक, प्रमाण विचलन भागिले सरासरी. वरच्या उदाहरणात सरासरी 0.6, प्रमाण विचलन 0.3, म्हणून c = 0.5, आणि 100 भागिले 1.25 बरोबर 80. सिद्धता चार ओळींची आहे आणि तज्ज्ञांना ती माहीत आहे. पण त्यातून एक गोष्ट लख्ख दिसते. शक्यतांत फरक असला की हे सूत्र नेहमी कमीच सांगणार, जास्त कधीच नाही. आणि 74 ते 86 हा विश्वास-अंतराल इथं काहीच कामाचा नाही, कारण 100 त्याच्या बाहेर आहे. फेऱ्यांत जास्त कुत्री दिसली तर अंतराल आणखी अरुंद होईल आणि चुकीच्या उत्तरावरचा आपला विश्वास तेवढा वाढेल. माझ्या वर्गात विश्वास-अंतराल शिकलेल्या किती मुलांना हे कधी जाणवलं असेल, असा विचार तेव्हा मनात आला. त्या दिवसापासून मी तो धडा या उदाहरणानंच शिकवते.

उपायही हातातच होता. प्रत्येक फोटोवर जागेची नोंद होती. टपऱ्या आणि खानावळींजवळची कुत्री वेगळी, आतल्या गल्ल्यांतली वेगळी, असे दोन गट करून सूत्र स्वतंत्रपणे लावायचं. उदाहरणात 45 गुणिले 45 भागिले 40.5 म्हणजे 50, आणि 15 गुणिले 15 भागिले 4.5 म्हणजेही 50. बेरीज 100. लेखकानं खऱ्या नोंदींवर तसं केलं, तेव्हा अंदाज वर सरकला. बुजऱ्या गटाचा अंतराल मात्र खूप रुंद झाला, आणि तो रुंदच छापला.

मान्य झालेली पद्धत

सुधारलेला लेख त्याच दोन परीक्षकांकडे परत गेला, पण या वेळी प्रत्येकाला दुसऱ्याचा शेराही दिला. प्राणिशास्त्राच्या सरांनी लगेच होकार दिला आणि तिसरी फेरी संध्याकाळी करण्याची सूचना जोडली. गणिताचे सर सहज मानले नाहीत. विद्यार्थी म्हणून एकदा सवलत दिली की दर्जा घसरतच जातो, ही त्यांची काळजी होती आणि ती मला खोटी वाटत नाही. त्यांनी अट घातली : सिद्धता पूर्ण हवी, आणि कुठली गोष्ट आधीपासून माहीत आहे ते लेखात स्पष्ट म्हटलेलं हवं. अट योग्यच होती. ती आता सगळ्या लेखांना लागू आहे.

परीक्षणाचा अर्ज यानंतर नव्यानं लिहिला गेला. प्रत्येक लेखाला दोन्ही विषयांतून एकेक परीक्षक असतो. नवं प्रमेय आहे का, हा प्रश्न त्यात नाही. गृहीतकं उघड लिहिली आहेत का, ती मोडली तर उत्तर कुठल्या बाजूला सरकेल हे सांगितलं आहे का, आणि दुसऱ्या विषयाच्या विद्यार्थ्याला लेख वाचून स्वतः हिशेब करता येईल का, हे विचारलं जातं. दोन्ही शेरे आल्यावर परीक्षकांनी एकमेकांचे वाचायचे आणि एक परिच्छेद आणखी लिहायचा. त्याआधी कुठलाही लेख नाकारायचा नाही. यात वेळ जातो, परीक्षक कुरकुरतात. तरी हा नियम सोडू नये असं मी प्रत्येक बैठकीत सांगते, कारण दोन विषयांची गाठ याच एका जागी पडते.

संगणकाकडून लिहून घेतलेले लेख यंत्रानं पकडण्याची खटपट मंडळानं केली नाही. लेखकानं फळ्यापाशी उभं राहून अर्धा तास आपला लेख समजावायचा, एवढंच ठरवलं. खरा अभ्यास असलेली मुलं तिथं खुलतात, आणि लेखात नसलेलं चांगलं काहीतरी बोलून जातात. संशयातले बहुतेक लेख या अटीनंतर आपसूक मागं घेतले गेले.

आणखी एक नियम वादाचा ठरला. लेखक विद्यार्थीच असावा, शिक्षकाचं नाव फक्त आभारात. पदोन्नतीसाठी शोधनिबंध मोजले जातात, त्यामुळे काही सहकाऱ्यांना हे खटकलं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 'यूजीसी-केअर' या मान्य नियतकालिकांच्या यादीत नाव येणार का, ही विचारणाही झाली. ती यादी आयोगानं फेब्रुवारी 2025 मध्ये बंदच केल्याचं जाहीर केलं, तेव्हा तो प्रश्न परस्पर मिटला.

कुत्र्यांचा लेख छापताना फोटोंत आलेली माणसं, घरांच्या पाट्या आणि गाड्यांचे क्रमांक पुसून टाकले. शीर्षकात एकच आकडा न देता कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन्ही दिले. भटक्या कुत्र्यांवरून वस्त्यांत भांडणं होतात, आणि एकटा आकडा तक्रारअर्जात फार लवकर जाऊन बसतो.

नोंदणी, टंकन आणि भाषा

नोंदणीची भीती विनाकारण होती. 1867 च्या छापखाना कायद्याच्या जागी 2023 चा नवा कायदा आला, तो 1 मार्च 2024 पासून लागू आहे, आणि त्यातल्या नियतकालिकाच्या व्याख्येतून शास्त्रीय व शैक्षणिक नियतकालिकं वगळली आहेत. आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक, दिल्लीतल्या सीएसआयआरच्या 'निस्पर' संस्थेतल्या केंद्राकडून मोफत मिळतो. त्याचा शेवटचा अंक पडताळणीचा असतो, आणि ते गणित मंडळानं पहिल्या अंकाच्या कोपऱ्यात छापलं. 'रेझोनन्स'चा क्रमांक 0971-8044 घ्या. पहिल्या सात अंकांना अनुक्रमे 8, 7, 6, 5, 4, 3, 2 नं गुणून बेरीज केली की 150 येते. तिला 11 नं भागून बाकी 7 उरते, आणि 11 वजा 7 म्हणजे 4, तोच शेवटचा अंक. संकेतस्थळासाठी 'ओपन जर्नल सिस्टिम्स' ही मोफत प्रणाली घेतली. लेखांना डीओआय हा कायमचा ओळख-क्रमांक मिळावा म्हणून ते युरोपातली सर्न ही संशोधन संस्था चालवत असलेल्या 'झेनोडो' या ऑनलाइन संग्रहात ठेवले, तिथं शुल्क नाही.

टंकनानं जास्त छळलं. गणिताची मुलं समीकरणं नीट मांडणाऱ्या लॅटेक या प्रणालीत लिहितात, बाकीची वर्डमध्ये, आणि काहींची समीकरणं तर वहीतल्या पानाच्या फोटोतून आली. वर्ड नको म्हटलं असतं तर दुसऱ्या विषयांचे लेखक दारातूनच परतले असते. म्हणून लेख कसाही घ्यायचा आणि टंकन गटानं लॅटेकमध्ये बसवायचा असं ठरलं. देवनागरीसाठी आयआयटी मुंबईत तयार झालेला 'शोभिका' हा मोफत टंक (फाँट) वापरला. लेख मराठीत किंवा इंग्रजीत चालतो, पण इंग्रजी लेखासोबत एक पानाचा मराठी सारांश सक्तीचा आहे आणि तो लेखकानंच लिहायचा. वर्धा, भंडारा, गडचिरोलीहून आलेल्या मुलांनी हे सारांश आधी वाचले आणि मग लेखाकडे वळले, असं त्यांनीच सांगितलं.

संपादक निघून जातात

विद्यार्थ्यांच्या नियतकालिकाचे संपादक दर दोन वर्षांनी पदवी घेऊन जातात, आणि जाताना बरंच काही त्यांच्यासोबत जातं. पहिल्या वर्षी संकेतस्थळाचं खातं एका विद्यार्थ्याच्या खासगी ई-मेलवर होतं. तो नोकरीसाठी पुण्याला गेल्यावर पासवर्ड मिळवायला बरीच फोनाफोनी करावी लागली. आता खातं मंडळाच्या पत्त्यावर आहे, आणि प्रत्येक पदावर पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी सहसंपादक म्हणून बसतो. परीक्षणाची फेरी डिसेंबर-जानेवारीत उरकायची, कारण मार्चनंतर परीक्षा असतात आणि मे महिन्यात पारा 45 च्या आसपास गेला की वसतिगृह रिकामं होतं.

परीक्षकांचा तुटवडा मात्र कायम आहे. दोन विषयांतून एकेक म्हणजे दुप्पट माणसं लागतात, आणि मोबदला काहीच नाही. मंडळ आता संशोधन संस्थांतल्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना विचारत आहे. त्यांना लेख वाचायची हौस असते आणि ते वेळेवर उत्तर देतात.

दुसऱ्या अंकासाठी आलेल्या लेखांत कुत्र्यांची मोजणी पुन्हा आहे, या वेळी दोन विद्यार्थिनींची. त्यांनी तोच भाग तीन फेऱ्यांत मोजला, एक फेरी संध्याकाळी आणि उलट्या वाटेनं. त्यांचा अंदाज पहिल्या लेखातल्या गटवार अंदाजाहूनही वर जातो, आणि तसं का व्हावं याची त्यांनी दिलेली कारणं मला अर्धवट पटली आहेत. लेख परीक्षणाला गेला आहे, एक प्रत गणिताच्या त्याच सरांकडे.